नववा खडा

माझ्या शेजारणीनं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक हिरवा दगड ठेवला आहे. मुलानं पुण्याहून आणला, घरात शांतता नांदते म्हणाला. त्यांनी तो मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि दगड लगेच परत केला. तुम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तुम्हाला यातलं काय कळणार, असं त्या हसून म्हणाल्या आणि मीही हसले. फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या पांढऱ्या बैठकीवर बसलेले ते हिरवे चौकोनी स्फटिक बाराव्या वर्षी मी परकराच्या ओच्यात घेऊन फिरले आहे. ते उन्हात कसे दिसतात, ओले असताना कसे दिसतात आणि चुलीत घातले तर त्यांचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. पण चहाच्या वेळेला हे कुणाला सांगायचं? म्हणून इथे लिहिते.

आमचं घर मळ्यातच होतं. जानेफळचा बाजार आणि डोणगावचा बाजार, दोन्ही धरून आमचा भाजीपाला चाले. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. सकाळी डोळे उघडायच्या आधी दोन आवाज कानात येत. एक मोटेच्या चाकाचा, कुरकुरणारा, आणि दुसरा मायच्या भाकरी थापण्याचा. माझा थोरला भाऊ गजादादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याला भाकरीचा वरचा पापुद्रा लागे. माय तव्यावरची भाकर टम्म फुगली की पापुद्रा अलगद सोडवून घ्यायची, त्यावर तेल, मीठ आणि लाल तिखट घालून त्याच्या ताटात ठेवायची. खालची जाड भाकर माझ्या वाट्याला. मी कुरकुर केली तर दादा अर्धा पापुद्रा माझ्याकडे सरकवायचा आणि माय बघितलं न बघितल्यासारखं करायची. आम्ही गरीब होतो असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. वाटायचं एवढंच, की चैत्र लागला की विहीर तळाला जाते आणि मिरचीची रोपं माना टाकतात.

म्हणून त्या उन्हाळ्यात बाबांनी विहीर खोल करायला काढली. आमच्या भागात वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण पहारीला दाद देत नाही. त्याच्याखाली नशीब असेल तर मांजऱ्या लागतो. मांजऱ्या म्हणजे बारीक भोकाभोकांचा, लालसर, जरा मऊ खडक. पाणी त्यातच लागतं. गाराही त्यातच सापडतात. गारा म्हणजे हे रंगीत स्फटिक, आमच्याकडे त्यांना दुसरं नाव नव्हतं. पांढऱ्या तर कुठेही पडलेल्या असत, आम्ही पोरी त्यांनी बिट्ट्या, म्हणजे सागरगोटे, खेळायचो.

पाषाण फोडायला सुरुंग लागे. आमच्याकडे त्याला बार म्हणतात. पहार आणि घणानं हातभर भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वर माती दाबायची आणि वात सोडायची. वाती कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात. हे कशासाठी, तर मोजता यावेत म्हणून. जितकी भोकं तितके आवाज आले पाहिजेत. एक जरी कमी आला, तर खाली कुठेतरी एक बार न उडता बसला आहे असं धरायचं आणि त्या दिवशी कोणी विहिरीत उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून बादल्यांनी पाणी ओतायचं, दारू भिजवायची, मगच पाय खाली ठेवायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

मोजायचं काम खाली उतरणाऱ्याचं नसे. वात पेटवून जो जीव घेऊन वर पळत येतो, त्याला स्वतःच्या छातीशिवाय काही ऐकू येत नाही, असं बाबा म्हणत. म्हणून मोजायला घरातलं बाईमाणूस. मायजवळ पैनगंगेचे मूठभर खडे होते, काळे, चपटे, चिंचोक्याएवढे. दादानंच लहानपणी नदीत पोहायला गेला असताना तिच्यासाठी एकेक निवडून आणले होते. दादा वर येऊन भोकं किती ते सांगे. माय तितके खडे धुण्याच्या दगडावर डावीकडे मांडे. बार वाजला की एक खडा उजवीकडे. सगळे उजवीकडे आले की माय हात वर करायची. एक जरी डावीकडे राहिला तर ती पदर डोक्यावर ओढून घरात निघून जायची, आणि तेवढ्यानं सगळ्यांना कळायचं. तिला कधी कोणी पुन्हा विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात मायचा कान फुटला. कानात कापूस घालून ती फिरायची, आम्ही ओरडून बोललो तरच तिला ऐकू जाई. मी शाळेत गणितात पहिली यायचे, म्हणून बाबांनी खडे माझ्या हातात दिले. मला केवढा अभिमान वाटला होता! परकर सावरून मी त्या दगडाजवळ अशी बसायचे, जणू काही परीक्षेलाच बसले आहे.

पोकळी सापडली ती पाषाण संपता संपता. दादानं खालून हाक मारली, सुशे, आरसा आण. मी मायचा कुंकवाचा आरसा घेतला आणि विहिरीच्या काठावर पालथी पडून उन्हाचा कवडसा खाली सोडला. दादानं हातानं खुणावलं तिकडे तो नेला. विहिरीच्या भिंतीत एक भोक पडलं होतं, दादाचा हात कोपरापर्यंत आत जाई. कवडसा आत गेला आणि आतून हिरवा उजेड बाहेर आला. मला दुसरा शब्द आजही सुचत नाही. हिरवे तुकडे, त्यांच्याखाली फिकट केशरी, पेंढीसारखे बांधलेले, आणि मध्ये कापसाच्या बोंडासारखे पांढऱ्या सुयांचे गुच्छ. दादा खाली तोंड उघडं टाकून उभा होता. किसनकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले, पाचू असेल. बाबा म्हणाले, आधी पाणी लागू दे.

चार दिवसांत एक व्यापारी आला. बातमी त्याला कोणी दिली कोण जाणे. जीपगाडी, जाड चष्मा, बोलणं अर्धं हिंदी. आम्ही त्याला चष्मेवाला म्हणायचो. हा पाचू नाही, त्यानं सरळ सांगितलं, पण शौकीन लोक घेतात. अट एकच, टोक तुटलेलं नको. टोक तुटलं की तो रस्त्यावरचा दगड. त्यानं सुटे निघालेले लहान तुकडे नेले, आणि बाबांच्या हातात जे पडलं ते पाहून दादा त्या दिवसापासून इंजिनाचं बोलू लागला. मोट सोडायची, डिझेलचं इंजिन बसवायचं, माय बाजाराला पाटी घेऊन जाणार नाही. पोकळीच्या आतला मोठा गड्डा अख्खा निघाला तर हे होणार होतं. मग दादानं कामाची पद्धतच बदलली. पोकळीच्या वरच्या अंगाला तो उथळ, बारीक भोकं पाडी, थोडीच दारू भरी, म्हणजे कवच उडेल आणि आतलं शाबूत राहील. त्या कामाला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. किसनकाकांनाही नाही.

पहिल्यांदा अशी आठ भोकं पाडली. मी सात आवाज मोजले. एक खडा डावीकडे राहिला आणि मी तसं सांगितलं. विहीर बंद झाली, सगळे घरी गेले. सकाळी पाणी ओतून दादा उतरला तर पोकळीची कड खरवडलेली, पुढचे चांगले तुकडे कोणीतरी काढून नेलेले. चोर उतरला होता आणि सुखरूप वर गेला होता. आठही भोकं फुटलेली दिसत होती. म्हणजे दोन बार एकाच वेळी वाजले होते. किसनकाका सगळ्यांसमोर म्हणाले, पोट्टीले काय समजते, दोन संगंच वाजले असतील. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. शेजारच्या मळ्यातली पोरं मला पाहून 'सात का आठ' म्हणून ओरडू लागली. एकटा दादा म्हणाला, तिनं जे ऐकलं ते सांगितलं, हेच बरोबर. हे त्यानं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं असं मला कितीतरी वेळा वाटलं आहे.

मोठा गड्डा मात्र आतच होता, चोराला तो निघाला नव्हता. दादानं पुन्हा तशीच भोकं पाडली. त्या दिवशी दुपारून चष्मेवाला येऊन बसला होता. त्याला उजेड आहे तोवर निघायचं होतं आणि पुन्हा तो महिनाभर येणार नव्हता. मायनं त्याच्यासाठी वांग्याचं भरीत आणि कढी केली होती, कढीचा वास विहिरीपर्यंत येत होता. दादा वात पेटवून वर आला, लिंबाखाली जाऊन बसला आणि जाता जाता मला म्हणाला, नऊ. मी नऊ खडे मांडले.

एक. दोन. तीन. चौथा जरा उशिरा आला. पाचवा लांबला, त्याची घरघर विहिरीत फिरत राहिली. सहा. सात. आठ. मग काही नाही. धूर वर येत होता, दारूचा वास नाकात जात होता आणि मी वाट पाहत होते. डावीकडे एक खडा होता. मी मनाशी म्हणाले, पाचवा लांबला होता, त्यात दोन असतील. मागच्या वेळीही तसंच झालं होतं. पण माझे कान सांगत होते की पाचवा एकच होता. हे मी तेव्हाही जाणत होते. लहान होते, समजलं नाही, असं मी इथे लिहू शकते आणि वाचणारे माफही करतील. ते खरं नाही. मला नीट समजलं होतं. मला फक्त पुन्हा 'सात का आठ' ऐकायचं नव्हतं.

दादा लिंबाखालून उठून आला.

"किती झाले, सुशे?"

"नऊ."

"पक्कं?"

मायला त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. "हाव. नऊ."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोर धरून खाली उतरला. मी तिथेच बसून राहिले. खडा उजवीकडे सरकवायचा हेसुद्धा मला सुचलं नाही. खालून छन्नीवर हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले, हलके, जपून मारलेले. मी तेही मोजत होते. अकराव्या ठोक्यानंतर बार वाजला. त्या उन्हाळ्यात ऐकलेल्या सगळ्या बारांत तो लहानच होता.

दादाला वर काढलं तेव्हाचं मी लिहिणार नाही. चष्मेवाल्यानं त्याला आपल्या जीपमध्ये घातलं, बाबा आणि किसनकाका सोबत बसले, आणि गाडी मेहकरकडे गेली. तो माणूस नंतर आमच्याकडे परत आला नाही आणि त्याला मी दोष देत नाही. माणसं विहिरीकडून धावत होती, बाया रडत होत्या. माय धुण्याच्या दगडाजवळ आली. तिनं खड्यांकडे पाहिलं. आठ उजवीकडे, एक डावीकडे. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडेल, मारेल. मारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. तिनं नऊच्या नऊ खडे गोळा केले, पदरात बांधले आणि पदर खोचला.

दादाचे दोन्ही डोळे गेले. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. तो महिन्या-दीड महिन्यानं घरी आला तेव्हा माणसं बसली, झालं कसं याचा विचार सुरू झाला. मला बोलावून विचारलं, बार किती वाजले? मी म्हणाले, नऊ. दादाला विचारलं, भोकं किती होती? तो म्हणाला, नऊ. नऊ भोकं, नऊ आवाज, मग हा बार आला कुठून? किसनकाकांनी हळूच म्हटलं, घाईत एखादं जास्तीचं पडलं असेल. दादा म्हणाला, नाही, नऊच होती. मग जरा थांबून म्हणाला, पडलं असेल. माय दारात बसून मेथी निवडत होती. कान तोवर बरा झाला होता तिचा.

तेवढ्यावर सगळं ठरलं. गजाननानं दहा भोकं पाडली आणि नऊ सांगितली. सावध माणूस म्हणून ज्याचं नाव घेत त्याला लोक गणित चुकलेला म्हणू लागले, वाईट मनानं नाही, हळहळत. जानेफळला जमलेली सोयरीक मोडली, ती डोळ्यांमुळे मोडणारच होती. बाबा त्याच्याशी तुटक झाले. पोराचे डोळे गेले याचं दुःख त्यांना होतं, पण ते स्वतःच्या चुकीनं गेले याचा राग जास्त होता आणि मरेपर्यंत तो गेला नाही.

घरात कुटारात, म्हणजे भुश्यात, गुंडाळून ठेवलेल्या हिरव्या गारा होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या. एका सकाळी मायनं भाकरी झाल्यावर त्या एकेक करून चुलीत घातल्या. मला वाटलं होतं दगड आहे, काळा पडेल. तो पांढरा पडला. आधी तडतडला, मग भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे त्याचे थर सुटू लागले, एकावर एक, पातळ, आणि हिरवा रंग कुठे गेला ते कळलं नाही. मायनं चिमट्यानं ढोसलं तर राखेत चुरा झाला. दादा ओट्यावर बसला होता. कसला आवाज आहे म्हणून त्यानं विचारलं. लाकूड ओलं आहे, माय म्हणाली.

मायनं त्याला पंचवीस वर्षं भाकरीचा पापुद्रा भरवला, त्याची डाव्या हातानं खायची सवय झाल्यावरही. तो कधी खचून बसला, माझ्याच हातानं केलं म्हणाला, की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "होते चूक माणसाच्यानं, गजा." हे मी अनेकदा ऐकलं. दर वेळी मी उठून बाहेर गेले.

माझं डीएड झालं, लग्न ठरलं. निघताना मायनं माझी ओटी भरली. सासरी येऊन ओटी सोडली तेव्हा तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदळात एक काळा चपटा खडा. मी तो मुठीत धरून संडासात जाऊन बसले, कारण नव्या घरात रडायला दुसरी जागा नव्हती. मायनं तो का दिला हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझं तू घेऊन जा, असं असेल. मी तुला झाकलं हे विसरू नको, असंही असेल. मुलाचे डोळे गेलेच होते, ते परत येणार नव्हते, मग पोरीचं तरी राहू दे, असा हिशेब तिनं त्या दगडाजवळ उभ्या उभ्या केला असावा. पण तो हिशेब दादाच्या नावावर केला. मला तिचा राग येतो. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो, आणि तिनं झाकलं नसतं तर मी शिकले नसते, मास्तरीण झाले नसते, हेही मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मी मळ्यात गेले. विहिरीवर आता मोटार आहे. पाणी लागलं ते त्याच पोकळीच्या खाली, दुसऱ्या माणसांनी काम पुरं केलं तेव्हा, आणि तेव्हापासून ती विहीर आटलेली नाही. दादा सत्तरी ओलांडून पुढे गेला आहे. ओट्यावर बसून तो कोथिंबिरीच्या जुड्या बांधतो, दोन बोटांनी इतक्या सारख्या बांधतो की बाजारात त्या ओळखू येतात. फक्त मोजत नाही. जुड्या पुतण्याच्या, म्हणजे किसनकाकांच्या नातवाच्या, बायकोनं मोजायच्या. लहानपणापासून मी त्याला हे सांगताना ऐकलं आहे, मोजायचं मले नोको सांगू, माह्यं चुकते. त्या दिवशीही त्यानं तिला तेच सांगितलं. ती आत गेली आणि मी त्याच्या शेजारी बसले.

"दादा, त्या दिवशी आठच वाजले होते."

कोणत्या दिवशी, हे त्यानं विचारलं नाही. हातातली जुडी बांधून पुरी केली. मी सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसं, स्वतःला न सोडता. त्यानं मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"मंग भोकं नऊच होते."

"नऊच होते."

मी पर्समधून खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. का ठेवला, मला सांगता येत नाही. पुरावा म्हणून असेल, शाळेतली सवय. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि त्याचा चेहरा बदलला.

"हा मायचा खडा होय. म्याच आणेल हाय नदीतून. तुह्याजवळ कसा?"

एवढ्या वर्षांत मी याचा विचारच केला नव्हता, की त्याची बोटं ओळखतील. खोटं बोलता आलं असतं. "मायनं देला. ओटीत."

त्यानं खडा मुठीत आवळला. विहिरीवर मोटार चालू होती, पाटात पाणी पडत होतं.

"म्हंजे तिले माहीत होतं."

"हाव."

"अन् मले म्हणत जाय, होते चूक माणसाच्यानं."

मी त्याचा हात धरायला गेले, त्यानं तो मागे घेतला. खडा सदऱ्याच्या खिशात टाकला. मग जुड्यांची पाटी चाचपून जवळ ओढली, आणि एकेक जुडी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत मोठ्यानं मोजू लागला. एक, दोन, तीन. आतून पुतण्याची बायको दारात येऊन पाहत उभी राहिली. नऊला त्याचा आवाज जरा हलला, पण तो थांबला नाही. मी चपला घालून निघाले तेव्हा तो चाळीसच्या पुढे गेला होता. त्यानं मला थांब म्हटलं नाही.